सरळ झालेली नाडी

माझ्या बोटांना खऱ्या अर्थाने कळलेली पहिली नाडी अम्माची. कॉलेजात आम्हाला एकमेकांची मनगटं धरायला लावत, पण तिथे सगळी तरुण मुलं. सगळ्यांची नाडी एकसारखी चालायची आणि आम्ही लवकर कंटाळायचो. अम्माचं मनगट हातात घेतलं आणि मी घाबरून ते सोडून दिलं. दोन ठोके अगदी जवळजवळ, मग एक उशिरा, मग काहीच नाही, आणि मग तीन-चार घाईघाईने, अंधारात जिना उतरताना कुणाचा पाय घसरावा तसे. मी पुन्हा धरलं. पुन्हा तेच, पण त्याच क्रमाने नाही. त्यात क्रमच नव्हता.

"काय म्हणती?" अम्माने विचारलं.

"चालू आहे," मी म्हणालो. याहून शहाणं काही मला सुचलं नाही.

तेव्हा मी मुंबईला वैद्यकीच्या तिसऱ्या वर्षाला होतो. एकोणीसशे पस्तीस-छत्तीसचा सुमार असेल. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. अब्बा कलईवाले. नाशकात गल्लीच्या तोंडाशी आमचं दोन खोल्यांचं घर होतं, पण अब्बांचा बराचसा आठवडा सायखेड्याच्या बाजूच्या गावांत जायचा. भाता, कोळसा आणि कथील घेऊन ते गावोगाव फिरत आणि लोकांची पितळेची भांडी आतून पांढरी करून देत. अम्माचे पाय सुजलेत आणि तिला आडवं झोपता येत नाही, बसून रात्र काढते, असा निरोप आला म्हणून मी रजा काढून घरी आलो होतो. घरात आम्ही अर्धी दखनी उर्दू, अर्धी मराठी बोलत असू. इथे सगळं मराठीतच लिहितो आहे.

मी घरी आलो तेव्हा गल्लीला वाटलं, आता डॉक्टर आला. शेजारच्या काकू मूळच्या सायखेड्याच्या. त्या दारातूनच ओरडल्या, "भाभी, आता कशाची काळजी? पोरगं सायब होऊन आलंय. आधी त्याला माझ्या गुडघ्याचं विचार." मी हसलो. मला आतून इतकी भीती वाटत होती की त्यांच्या गुडघ्यावर बोलायला मिळालं असतं तरी मी आनंदाने बोललो असतो.

गावात विलायतेला जाऊन आलेले एक डॉक्टर होते. त्यांच्या बंगल्यात हृदयाचा आलेख काढायचं यंत्र होतं, मुंबईहून जुनं विकत आणलेलं. मी अम्माला टांग्यातून तिकडे घेऊन गेलो. एका मोठ्या पेटीत लोहचुंबकाच्या दोन टोकांमध्ये केसाहून बारीक तार ताणलेली होती. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर शरीरातून जी नाममात्र वीज वाहते, तिने ती तार हलायची. तारेची सावली सरकत्या फिल्मवर पडायची आणि फिल्म धुतली की त्या सावलीची रेघ उमटायची. एवढंच.

दोन्ही हातांना आणि डाव्या पायाला धातूच्या पट्ट्या बांधायच्या, आणि त्यांच्याखाली मिठाच्या पाण्यात भिजवलेलं कापड. अम्मा ते कापड हुंगून म्हणाली, "डाक्टर, मीठ लावून मला लोणच्यासारखं बरणीत भरता काय?"

"लोणचं टिकतं, बाई," डॉक्टर पट्टा आवळत म्हणाले. "तुम्हीही टिकावं म्हणूनच लावतोय. आता बोलू नका, हलू नका."

फिल्म धुऊन वाळल्यावर डॉक्टरांनी ती खिडकीशी धरली आणि मला जवळ बोलावलं. निरोगी माणसाच्या पट्टीत काय असतं ते त्यांनी आधी दुसऱ्या एका फिल्मवर दाखवलं. प्रत्येक ठोक्याला आधी एक छोटी टेकडी, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावले. मग एक उंच सुळका, म्हणजे खालचे कप्पे आकुंचन पावले. शेवटी एक पसरट टेकडी, म्हणजे खालचे कप्पे पुढच्या ठोक्यासाठी सावरले. हुकूम वरून निघतो, मधल्या वाटेने खाली येतो, आणि खालचे कप्पे तो पाळतात. मग त्यांनी अम्माची फिल्म धरली. छोटी टेकडी कुठेच नव्हती. तिच्या जागी रेघ नुसती थरथरत होती, आणि त्या थरथरीतून सुळके वाटेल तिथे उगवले होते.

"वरचे कप्पे आकुंचन पावतच नाहीत, नुसते कापताहेत," डॉक्टर म्हणाले. "शंभर हुकूम एकदम सुटतात, त्यातले कुठले खाली पोचतील ते कुणी सांगावं? लहानपणी यांचे सांधे सुजले होते का?"

अम्मा लहानपणी एक अख्खा पावसाळा अंथरुणाला खिळली होती हे मी आजीकडून ऐकलं होतं. त्याचा आणि हृदयाचा संबंध कॉलेजात शिकलो होतो. ते शिकताना मला अम्मा आठवली नव्हती.

त्या सांध्यांच्या आजाराने हृदयाची एक झडप आवळली आहे, ती मोकळी करायला काही उपाय नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. हृदयाची धावपळ मात्र औषधाने आवरता येईल. एका विलायती झाडाच्या पानांची पूड, तिच्या पुड्या बांधून द्यायच्या, दिवसाला तीन. मधल्या वाटेवर ती पूड पहारा बसवते आणि मोजकेच हुकूम खाली सोडते. "शिकायचंय का हे?" त्यांनी अचानक विचारलं. "रोज सकाळी ये. फिल्म धुवायला मला माणूस हवाच आहे."

मी रोज जाऊ लागलो. शिकायचं तर होतंच, पण खरी गोष्ट अशी की त्या खोलीत असलो की अम्माचा जीव माझ्या नजरेच्या टप्प्यात आहे असं मला वाटायचं. कंपासची दोन टोकं दोन सुळक्यांवर ठेवायची, अंतर मोजायचं, पुढे सरकायचं. आधी खालची रेघ बघायची, सुळका नंतर. नाव सगळ्यात शेवटी द्यायचं. डॉक्टर हे पुन्हा पुन्हा सांगत, कारण मला नाव द्यायची घाई व्हायची. एका थंड सकाळी सरावासाठी त्यांनी आपल्या कंपाउंडरचाच आलेख माझ्याकडून काढून घेतला. मी फिल्म धुतली, पाहिली, आणि माझं तोंड उतरलं. रेघ थरथरत होती. मी हळू आवाजात सांगितलं, यांचेही वरचे कप्पे कापताहेत.

डॉक्टरांनी फिल्म घेतली आणि ते खो खो हसले. "अरे, त्याला थंडी वाजतेय! हातापायांचे स्नायू कापताहेत, हृदय नव्हे. ही बघ छोटी टेकडी, प्रत्येक सुळक्याआधी शिस्तीत उभी. त्याला घोंगडी दे."

कंपाउंडर मात्र हसला नाही. पुढे कितीतरी दिवस तो मला विचारायचा, "नक्की थंडीच होती ना हो?"

औषधाने अम्माला गुण आला. सूज उतरली. ती आडवी झोपू लागली. नाडी अजून वाकडीतिकडीच होती, पण तिची पळापळ थांबली होती. अब्बा ओट्यावर बसून म्हणायचे, "झोपली. आडवी झोपली," जणू अम्माने काही मोठं काम केलंय.

त्या वर्षी रमजान थंडीत आला. मी अम्माला म्हणालो, आजारी माणसाला रोजा माफ असतो. ती म्हणाली, "माफ नसतो. मागं टाकता येतो. बरी झाले की फेडावा लागतो. आणि मी बरी कधी व्हायची? आत्ता अंगात बळ आहे तर आत्ताच धरते." डॉक्टर आधी चिडले, मग त्यांनीच मार्ग काढला. दिवस लहान आहेत, थंडी आहे. पहाटे आणि सूर्यास्तानंतर एकेक पुडी घ्यायची, दुपारची राहू द्यायची. सूज दिसली की रोजा सोडायचा. अम्माने मान हलवली. कंपाउंडर आपल्या सवयीने तीन पुड्यांच्या हिशेबानेच पाकीट बांधत राहिला, त्याला कुणी वेगळं सांगितलं नव्हतं.

रमजान नीट पार पडला. ईदच्या दिवशी अम्माने स्वतः शीरखुर्मा केला, चुलीपाशी बसून. काकूंना वाटी दिली तेव्हा त्या म्हणाल्या, "भाभी, पुढच्या सालीबी तुमच्याच हातचा खाणार हाय मी. सांगून ठेवते." मी कॉलेजात परत जायची तयारी करू लागलो. दुपारच्या पुडीसकट दिवसाला तीन पुड्या पुन्हा सुरू झाल्या होत्या. मी सकाळी डॉक्टरांकडे असायचो, अब्बा बाहेर. दुपारी अम्मा घरात एकटी.

ईदनंतर आठवडा उलटला असेल, मी सकाळी तिचं मनगट धरलं आणि थांबलो. ठोका. मग तेवढ्याच अंतराने ठोका. मग पुन्हा तेवढ्याच अंतराने. सावकाश, भरदार, सरळ. मी डोळे मिटून बराच वेळ मोजत राहिलो. एकही ठोका चुकला नाही.

"अम्मा," मी म्हणालो. "सरळ झाली. नाडी सरळ झाली!"

तिचा चेहरा कसा उजळला ते मी लिहू शकत नाही. "झाली ना?" ती म्हणाली. "मला ठाऊक होतं. नीट फेडलं की होतं सगळं."

ती रोज्यांबद्दल बोलते आहे असं मला वाटलं. अब्बा भाता तसाच टाकून आत आले आणि त्यांनी कोळशाने काळे झालेले हात तिच्या पायांशी नेऊन मागे घेतले. काकूंनी त्याच दिवशी गोदावरीवर जाऊन नारळ सोडला आणि येऊन सांगितलं, "तुमचा खुदा, आमची गंगामाई, दोघांनी मिळून केलंय. भांडू नका कुणी."

मला हे सगळं डॉक्टरांना सांगायचं होतं, पण ते मुंबईला गेले होते, तीन-चार दिवसांनी येणार होते. मी आनंद मनात साठवून ठेवला.

दुसऱ्या दिवशी अम्मा जेवली नाही. अन्नाचा वास नको म्हणाली. त्याच्या पुढच्या दिवशी तिला उलट्या झाल्या. मी म्हणालो, ईदचं गोडधोड बाधलं असेल. आणि मग ते कलईचं झालं.

अब्बांनी घरातलंच एक जुनं पातेलं अंगणात भट्टीवर धरलं होतं. नवसागराचा पांढरा धूर निघाला, कथील फिरलं, कापसाच्या बोळ्याने त्यांनी ते पातेल्याच्या पोटभर पसरवलं. पाण्यात बुडवून, पुसून, चकचकीत पातेलं ते मुद्दाम अम्माला दाखवायला आत घेऊन आले.

अम्माने पाहिलं आणि म्हणाली, "अहो, कलई बसली नाही की."

"काय?"

"पिवळंच दिसतंय अजून. पितळ दिसतंय आतलं."

अब्बांनी पातेलं उजेडात धरलं. ते चांदीसारखं पांढरं होतं. "म्हातारी झालीस," ते म्हणाले. "तीस वर्षं कलई करतोय मी. सगळा जिल्हा माझ्या कलईत जेवतो, आणि घरचीच म्हणते बसली नाही!"

"जिल्हा घाबरतो तुम्हाला. मी नाही घाबरत. पिवळं हाय."

आम्ही हसलो. पण अब्बांच्या मनाला ते लागलं. त्यांनी पातेलं पुन्हा भट्टीवर ठेवलं, पुन्हा कथील फिरवलं. पुन्हा आत आणलं. अम्माने बराच वेळ पाहिलं. मग आपली चादर पाहिली, भिंत पाहिली, आणि हळूच म्हणाली, "चादरपण पिवळी हाय. तुमचं डोकंपण." अब्बांचे सगळे केस पांढरे होते.

मी तिचं मनगट धरलं. सरळ. सावकाश. पण आज ते इतकं सावकाश होतं की मी पुढच्या ठोक्याची वाट पाहत बसलो. मग काय वाटलं कोण जाणे, मी कान तिच्या छातीला लावला. मुलाने आईच्या छातीला लावावा तसा, तपासायची नळी शोधत बसलो नाही. आणि आत मला दोन ठोके ऐकू आले. ठोका, आणि लगेच त्याच्या मागे दुसरा, उथळ. मग मोठा थांबा. पुन्हा ठोका, त्याच्यामागे उथळ. मनगटापर्यंत फक्त पहिलाच पोचत होता.

अब्बा म्हणाले, "काय झालं?"

"टांगा आणा," मी म्हणालो.

डॉक्टर परत आले नव्हते. कंपाउंडरने आधी नाही म्हटलं. साहेबांच्या परवानगीशिवाय यंत्राला हात लावायचा नाही. मग त्याने अम्माकडे पाहिलं, आणि आपली घोंगडी आणून तिच्या अंगावर टाकली. "थंडी नको मधे यायला," तो म्हणाला. आम्ही दोघांनी मिळून पट्ट्या बांधल्या. अम्मा या वेळी लोणच्याचं काही बोलली नाही.

काळोख्या खोलीत, लाल दिव्याखाली, मी फिल्म धुतली. ओलीच फिल्म मी बाहेर खिडकीशी आणली. नाव द्यायचं नाही, मी स्वतःला बजावलं. आधी खालची रेघ. छोटी टेकडी? नव्हती. रेघ पहिल्यासारखीच थरथरत होती. थंडी असेल का? घोंगडी होती. हात गरम होते. थंडी नव्हती. मग सुळके. कंपासने मोजले. अंतर सारखं. पुढचं सारखं. पुढचं सारखं. आणि प्रत्येक सुळक्याच्या पाठीला चिकटून एक रुंद, बेढब, वेडावाकडा दुसरा.

कंपाउंडर म्हणाला, "सारखं आहे ना? मग बरं आहे ना?"

मी पुन्हा खालच्या रेघेकडे पाहिलं. वरचे कप्पे अजून कापतच आहेत. शंभर हुकूम अजून सुटताहेत. मग खालचे कप्पे एवढ्या शिस्तीत कुणाच्या हुकमाने चालले आहेत? हा प्रश्न मला पडला तेव्हा मी खिडकीचा गज धरून उभा होतो. उत्तर एकच होतं, आणि मी ते दोन-तीनदा उलटून पाहिलं, कारण मला ते नको होतं. मधली वाट बंद झाली होती. वरून खाली आता काहीच येत नव्हतं. खालचे कप्पे एकटे पडून, स्वतःच्या जोरावर, जेमतेम चालत होते, आणि तो दुसरा वेडावाकडा ठोका म्हणजे तेही बिथरले होते. त्या पुडीनेच वाट बंद केली होती. आणि मग परीक्षेसाठी घोकलेली एक ओळ आठवली: औषध अंगात साठलं की मळमळ, उलट्या, मंद नाडी, आणि सगळं पिवळं दिसणं. मी ती ओळ घडाघडा म्हणून दाखवायचो. पिवळं दिसणं म्हणजे अब्बांचं पातेलं, हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

पण तीन पुड्यांनी एवढं साठावं? आधी तर तीन घेऊन ती बरी होती. इथे माझी हिंमत गेली. थंडीने कापणाऱ्या माणसाला मी हृदयरोगी ठरवलं होतं. आजही मी चुकत असलो तर? औषध थांबवलं आणि ते साठलेलं नसलंच, तर हृदय पुन्हा उधळेल, फुप्फुसात पाणी भरेल आणि अम्मा बसल्या जागी बुडेल. चालू ठेवलं आणि माझं वाचन बरोबर असलं, तर पुढची पुडी कदाचित शेवटची ठरेल. विचारायला कुणी नव्हतं. अब्बा व्हरांड्यात उभे होते आणि काचेतून माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना फिल्म वाचता येत नव्हती, माझं तोंड येत होतं.

मी अम्माजवळ जाऊन बसलो. "अम्मा, पुड्या किती घेतेस दिवसाला?"

"तीन. डाक्टरांनी सांगितल्या तेवढ्या."

"बस, तीनच?"

ती थोडी लाजली. बायका आपसात बोलतात आणि मुलांसमोर बोलत नाहीत अशा गोष्टीला लाजतात, तशी. "आणि राहिलेल्या," ती म्हणाली.

"कुठल्या राहिलेल्या?"

"रमजानमधल्या दुपारच्या. त्या सुटल्या नव्हत्या का? फेकल्या नाहीत मी, डब्यात ठेवल्या होत्या. आता दुपारी बसते आणि फेडते. आधी दोन-दोन घेत होते. मग म्हटलं, तू जायच्या आत सगळं चुकतं व्हावं, म्हणून तीन-तीन." तिने माझ्याकडे पाहिलं. "सुटलेलं भरून द्यायला नको? तूच म्हणालास ना, सरळ झाली."

दर वर्षी बाईचे महिन्याच्या अडचणीत काही रोजे सुटतात, आणि रमजान संपल्यावर ती ते गुपचूप, कुणाला न सांगता, एकेक करून भरून देते. अम्माने जन्मभर ते इमानाने केलं होतं. औषधाचंही तसंच असणार, असं तिला वाटलं होतं. दुपारची पुडी सोडून दे, हे आम्ही सांगितलं होतं. सोडलेली पुन्हा घ्यायची नाही, हे सांगायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. डॉक्टरांच्याही नाही.

मी औषध थांबवलं. घरी येऊन मी तो डबा काढला. अब्बांनी कलई केलेला पितळेचा छोटा डबा, आणि त्यात तळाशी उरलेल्या पुड्या, नीट एकावर एक रचलेल्या. मी त्या मोरीत रिकाम्या केल्या. अम्मा अंथरुणावरून पाहत होती. "अजून तेवढ्या राहिल्यात की," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले आणि त्यांनी फिल्म खिडकीशी धरली. "वाचलंस ते बरोबर आहे," ते म्हणाले. मी इतके दिवस ज्या वाक्यासाठी धडपडलो होतो ते हे. मी विचारलं, उतारा काय? ते म्हणाले, "वाट बघणं. अंगातून जाईल तसं जाईल."

"आणि तोवर?"

"तोवर काही करण्यासारखं माझ्याकडे नाही."

मग आम्ही वाट पाहिली. ते दिवस मला सलग आठवत नाहीत. अम्मा मधेच बेशुद्ध व्हायची, डोळे फिरायचे, नाडी हाताखालून पूर्ण नाहीशी व्हायची. मी तिला हाका मारायचो आणि ती परत यायची, आणि मनगटात पुन्हा तो सरळ, शिस्तीचा, भयंकर ठोका लागायचा. काकू उशाशी बसून कापसाने तिच्या ओठांना पाणी लावायच्या. एकदा त्यांनी मला विचारलं, "नाडी कशी हाय?" मी म्हणालो, "सरळ." त्यांनी हात जोडले. मी त्यांना समजावलं नाही. मला येईना ते. काकूंनी ज्या गोष्टीसाठी नारळ सोडला होता तीच आता जावी म्हणून मी मागत होतो. वाकडी होऊ दे. पहिल्यासारखी, अंधारात जिन्यावरून घसरणारी. एवढं मागताना मला लाज वाटायची, कारण त्या वाकड्या नाडीचाही शेवट काय हे मला माहीत होतं.

अब्बा कामावर गेले नाहीत. अंगणात बसून ते त्याच पातेल्याला पुन्हा पुन्हा कलई करत. घासून काढायचे, पुन्हा तापवायचे. मी एकदा म्हणालो, अब्बा, त्याला काही झालेलं नाही, ते पांढरंच आहे. ते म्हणाले, "तुला दिसतं पांढरं. तिला दिसू दे."

मग एका सकाळी, अम्मा जागी होती आणि फार अशक्त होती, मी मनगट धरलं. ठोका. ठोका. मग एक लवकर. मग एक उशिरा. मग दोन घाईघाईने. मग मोठी पोकळी, आणि पुन्हा एक. मी कान छातीला लावला. आत सगळा गोंधळ होता. शंभर हुकूम पुन्हा खाली पोचत होते. मला रडू आवरेना.

अम्माने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "सरळ आहे ना?" तिने विचारलं.

"नाही, अम्मा. वाकडी झाली पुन्हा."

तिने माझ्या डोक्यावरचा हात काढून घेतला. "म्हणजे माझं सगळं वाया गेलं," ती म्हणाली. "तरी म्हटलं होतं, थोड्याच राहिल्या होत्या."

मी तिला सांगायचा प्रयत्न केला. वरचे कप्पे, मधली वाट, पहारा. ती ऐकत होती, मला बरं वाटावं म्हणून. शेवटी तिने विचारलं, "म्हणजे वाकडी तीच चांगली?"

"सध्या तीच चांगली."

"आणि मग?"

मी खाली पाहिलं. मला वाचता आलं होतं, आणि वाचता आलं म्हणूनच खोटं बोलता येत नव्हतं.

अब्बा दारात उभे होते, हातात पातेलं. आत यावं की नाही हे त्यांना कळत नव्हतं. अम्माने त्यांना खुणेने बोलावलं. त्यांनी पातेलं तिच्यासमोर धरलं, आतली बाजू तिच्याकडे करून. तिने पाहिलं. मी तिचं मनगट अजून सोडलं नव्हतं, आणि माझ्या बोटांखाली ती नाडी पडत, अडखळत, थांबत चालली होती.

"बसली," अम्मा म्हणाली. "पांढरं हाय."

अब्बांनी पातेलं जमिनीवर ठेवलं आणि तिच्या पायांशी बसले. या वेळी त्यांनी हात मागे घेतले नाहीत.